कान्हा नाखव्याची तीन शिडं

कान्हा नाखवा ठाण्याच्या खाडीकाठी, एका कोळीवाड्यात जन्मला, तिथेच वाढला, आणि चाळिशी उलटली तरी त्याने एकदाही होडी हाकली नव्हती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. नटबोल्ट, बेअरिंगं आणि ग्रीसचे डबे यांच्या मधोमध बसून त्याचं पोट इतकं सुटलं होतं की खुर्चीतून आधी पोट उठायचं आणि मागून कान्हा. हे वाक्य त्याचंच. आपली टिंगल लोक करणारच आहेत, तर ती आपणच आधी करून टाकावी, म्हणजे निदान चांगली तरी होते, असं त्याचं धोरण होतं.

कोळीवाड्यात असा तो काही एकटा नव्हता. खाडीचं पाणी काळं झालं, गाळ चढला, मासळी आटली आणि घरोघरची पोरं बँकेत, रेल्वेत, कचेऱ्यांत चिकटली. तेव्हा तिथे त्याला कुणी नावं ठेवत नसे. पण कारखान्यात त्याने कोळी म्हणून स्वतःचा भलताच दबदबा करून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की वादळं सुरू होत. वादळ बापाने पाहिलेलं असे, धाडस आजाने केलेलं असे, आणि सांगता सांगता त्यात 'मी' कुठून घुसे हे कान्हालाही कळत नसे. विठ्ठलवाडीहून येणारा फिटर बाबुराव हा त्याचा जिवलग मित्र. त्याला यातली एकही गोष्ट खरी वाटत नसे, पण तो प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग फक्त विचारायचा, की गेल्या महिन्यात तू याच भोवऱ्यात बुडता बुडता वाचलास, तेव्हा तो डावीकडे फिरत होता ना रे?

या दबदब्याची किंमत कान्हाला सत्याऐंशी साली मोजावी लागली. कारखान्यात नवं मशीन बसवायला क्लाउस नावाचा जर्मन इंजिनिअर आला होता. त्याने येताना सोबत एक लांबलचक फळी आणली होती. फळीवर डोलकाठी उभी करायची, तिला शीड लावायचं, आणि स्वतः फळीवर उभं राहून वाऱ्यावर पाणी कापत जायचं, असा तो खेळ. कोपरच्या मिठागरांपलीकडे सुट्टीच्या दिवशी साहेब एकटाच खाडीत सरसरत जाताना लोकांनी पाहिला होता. वर्षाने तो परत निघाला तेव्हा एवढं धूड नेण्यापेक्षा इथेच कुणाला तरी द्यावं असं त्याच्या मनात आलं. कुणाला द्यायचं हे विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. सगळ्या कारखान्याने एकमुखाने कान्हाचं नाव सांगितलं. सगळ्यांत मोठ्याने बाबुरावाने सांगितलं.

नाही म्हणावं तर दहा वर्षांची वादळं पाण्यात गेली असती. कान्हाने फळी घेतली.

जाण्याआधी साहेबाने कारखान्याच्या मागच्या अंगणात त्याला शिडं समजावून सांगितली. शिडं तीन होती. एक थोरलं, केशरी, उभं केलं की स्टोअरच्या पत्र्याच्या वर जाणारं. एक मधलं, निळं. आणि एक धाकटं, गुलाबी, साहेबाच्या मुलीचं, त्यावर पिवळं बदक काढलेलं. साहेब म्हणाला की आधी स्वतःचं वजन बघ, मग फळी किती तरते ते बघ, मग वारा बघ, आणि शेवटी मनाला विचार की तुला फिरायचंय की शर्यत मारायचीय. अंग जड तर शीड थोडं मोठं चालतं. पण वारा जोराचा असला तर वजन विसर आणि लहान घे. नवशिक्याने तर लहानच घ्यावं. आणि काहीही बिनसलं की हातातलं शीड सोडून दे, शीड पाण्यात पडेल, फळी जागच्या जागी थांबेल, तू तिच्यावर बस आणि दम खा. कान्हा प्रत्येक वाक्याला 'येस येस' म्हणाला. त्यातलं 'नवशिक्या' त्याने आपल्यासाठी नसल्याचं ठरवून सोडून दिलं, आणि शीड सोडून द्यायचं हे तर त्याला जर्मन माणसाचं खूळ वाटलं. त्याचा बाप, धाकूबाबा, उभा जन्म एकच गोष्ट सांगत आला होता, की हातातून शीड सुटलं तो कोळी नव्हे.

फळी घरी आली आणि पडवीत आडवी झाली. चार दिवसांत आवडाबाईने, म्हणजे कान्हाच्या आईने, तिच्यावर सुकट वाळत घातली. फळी लांब होती, गुळगुळीत होती, मांजराला तिच्यावर चढता येत नव्हतं. एवढ्या कामाची वस्तू कान्हाने आजवर घरात आणली नव्हती, असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. कान्हाची बायको मंजुळा म्हणायची की शिडांचे पडदे चांगले होतील, पण बदकाचं कुणाच्या खिडकीला लावायचं?

तशीच फळी सुकटीखाली म्हातारी झाली असती. पण मध्येच मानाचा नारळ उभा राहिला.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातला पहिला नारळ, सोनेरी कागदात गुंडाळलेला, नाखव्यांच्या घरातून निघायचा. घरातली थोरली बाई तो ताटात घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायची, बंदरावर घरच्या माणसाच्या हाती द्यायची, आणि तो घरच्या होडीतून शिडावर खाडीच्या मध्यावर नेऊन पाण्याला अर्पण करायचा. परत येताना रिकामं ताट घेऊन पुन्हा तीच बाई देवळापर्यंत पुढे. इंजिन लावून मानाचा नारळ न्यायचा नाही आणि परक्याच्या होडीतून तर नाहीच, हा तिथला रिवाज. आवडाबाई लग्न होऊन आली, सासू गेली, आणि तेव्हापासून ती दर वर्षी पुढे चालत आली होती. बाकी वर्षभर ती बाजारात पाटी घेऊन बसायची, कुणाचं चार शब्द ऐकून घ्यायची, कुणाला आठ ऐकवायची. पण त्या एका दिवशी तिच्या मागे सगळा कोळीवाडा चालायचा. घरात तिला दुसरं कसलं वेड नव्हतं.

आणि त्या वर्षी होडीच नव्हती. लाकूड कुजलं, दुरुस्तीला सुतार मिळेना, धाकूबाबाचे गुडघे गेले, आणि थंडीत त्याने होडी जळणाच्या भावाने काढून टाकली. तेव्हापासून म्हातारा दाराकडे पाठ करून बसायला लागला होता. कान्हाचा आतेभाऊ सीताराम, त्याच्याकडे इंजिनाची होडी होती, धंदा होता, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं की ज्यांच्या घरात पाण्यावर जायला लाकडाचा तुकडा नाही त्यांनी मान धरून का बसावं. तो वाईट बोलला नाही. पण देवळात पंचमंडळी बसली तेव्हा त्याने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पंचांनीही ठरवून टाकलं, की नाखव्यांच्या घरचं शीड या पौर्णिमेला पाण्यावर दिसलं तर मान त्यांचा, नाहीतर सीतारामचा, मग इंजिन तर इंजिन.

आवडाबाई बायकांत बसली होती. तिने फक्त पदर तोंडाशी धरला, आणि जी भर बाजारात कुणाला आवरली नाही ती बाई अशी गप्प झालेली कान्हाने पहिल्यांदाच पाहिली. त्याला ते सोसलं नाही. तो उठला आणि म्हणाला, "आमच्या घरात शीड हाय. एक नाय, तीन हायत. नारल मी न्हेनार."

बसल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. जेवणाच्या सुट्टीतली एक गोष्ट या वेळी भूतकाळाऐवजी भविष्यकाळात सांगितली गेली होती.

त्या दिवसापासून आठवड्याची सुट्टी खाडीत जाऊ लागली. बाबुराव विठ्ठलवाडीहून येताना टॉवेल, बिस्किटं आणि पावसाळी चप्पल घेऊन यायचा. आपण बौद्ध माणूस, आपल्याला नारळाचं काही नाही, पण आवडाबाईच्या हातचं जेवतो तर तिच्या पोराला बुडू देणं बरं दिसणार नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सुकट काढून फळी धुतली. वास शेवटपर्यंत गेला नाही.

कुठलं शीड घ्यायचं हा प्रश्न कान्हाला पडलाच नाही. कोळीवाड्यात शीड थोर त्याचं घर थोर, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. थोरलं केशरी शीड लावलं. ते पाण्यात आडवं पडलेलं असतं आणि फळीवर उभं राहून दोरीने वर ओढायचं असतं. कान्हाने ओढलं. शीड अर्धं वर आलं, त्याच्यात वारा भरला, आणि पुढच्या क्षणी शीड जागच्या जागी होतं आणि कान्हा त्याच्यावरून पलीकडे गेला होता. पुन्हा ओढलं, पुन्हा गेला. काठावर पोरंटोरं जमली. त्यांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, मग कंटाळून घरी गेली. दुपारी बाबुरावाने हिशेब दिला की आज तू शिडाच्या वरून जितका गेलास तितकं शीड तुला घेऊन गेलं असतं तर तू आत्ता कल्याणला असतास.

मग मधलं निळं आलं, आणि त्याच्याबरोबर धाकूबाबाही आला. म्हातारा काठीवर टेकत बंदरावर येऊन बसला आणि सूचना देऊ लागला. शिडाला पोट ठेव, म्हणाला. मालाच्या होडीला तसं ढिलं शीड लागतं. कान्हाने ताणलेल्या दोऱ्या सैल केल्या. शीड धोतरासारखं फडफडायला लागलं आणि फळी कडेकडेने गाळाकडे सरकत गेली. बसून हाक, म्हणाला. होडीत माणूस मागे बसतो आणि दोर धरतो. कान्हा फळीवर बसला. फळीचं मागचं टोक त्याच्याखाली बुडालं आणि पुढचं आकाशाकडे गेलं. पण बापाला नाही कसं म्हणायचं? शिवाय कितीतरी महिन्यांनी म्हाताऱ्याचं तोंड पाण्याकडे झालं होतं.

खरा घोळ शेवटी झाला. पडताना शीड हातातून सुटतं, ही गोष्ट बापलेकांना सारखीच खुपत होती. तेव्हा ज्या आडव्या दांडक्याला धरून शीड पेलायचं त्यालाच कान्हाने एक चांगला दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक आपल्या कमरेला आवळलं. धाकूबाबाने मान डोलावली. त्यानेच शिकवलेली जातिवंत गाठ होती, सुटणं शक्य नव्हतं. वारा आला, कान्हा उलटा पडला, आणि शीड इमानदारीने त्याच्या मागोमाग येऊन त्याच्या अंगावर पसरलं. वर निळं कापड, खाली काळं पाणी, कमरेला बापाची गाठ. त्याला वाट सापडेना. बाबुरावाने गुडघाभर चिखलातून धावत येऊन कापड उचललं नसतं, तर कान्हाच्या सगळ्या गोष्टी एकदम खऱ्या झाल्या असत्या.

वर आल्यावर कान्हा ती गाठ सोडवत बसला. त्याला भीती वाटली होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी. आणि लाजही वाटत होती, कारण पाण्याखाली त्याला एकच गोष्ट आठवली होती, जर्मनाचं ते खूळ. बाबुरावाने त्याला टॉवेल दिला आणि नेहमीसारखी चेष्टा न करता विचारलं, "तुला शर्यत मारायची आहे का रे, कान्हा?"

नाही, कान्हा म्हणाला. एक नारळ मध्यावर न्यायचाय.

"मग बदक घे की."

कान्हाने बदक घेतलं, पण लोक झोपेतून उठायच्या आत, पहाटेच्या भरतीला. गुलाबी शीड ओढायला हलकं होतं. वर आलं तरी ते कान्हाला उचलून नेत नव्हतं, उलट कान्हाच त्याला धरून उभा राहू शकत होता. गुडघे वाकवायचे, अंग मागे टाकायचं, दोऱ्या ताणून कापड सपाट ठेवायचं. फळी हळूच निघाली. खाली पाणी खुळखुळायला लागलं आणि ते आपल्यामुळे खुळखुळतंय हे कळायला कान्हाला जरा वेळ लागला. नव्वद किलोचा स्टोअरकीपर खाडीत उभा, आणि वाऱ्यावर चाललाय! तो मोठ्याने हसला आणि हसल्यामुळे पडला. पण पडताना त्याने शीड सोडून दिलं. ते बाजूला पाण्यात आडवं झालं, फळी थांबली, आणि तो तिच्यावर चढून बसला. दमही खाल्ला. धाकूबाबाला हे त्याने सांगितलं नाही.

पौर्णिमा आली ती सोसाट्याचा वारा घेऊन. बंदरावर बॅन्जो वाजत होता, सगळा कोळीवाडा नटूनथटून आला होता, आणि कान्हाने मुद्दाम तिन्ही शिडं ओट्यावर पसरून ठेवली होती. फक्त बदक दिसू नये म्हणून गुलाबी शिडाचा तेवढा भाग त्याने खाली दुमडला होता. खरं तर आदल्या रात्रीपासून त्याचा जीव डळमळत होता. मानाचा नारळ, दीडदोन हजार माणसं, आणि वर पिवळं बदक? जो तो म्हणत होता केशरी लाव, काय शोभेल. धाकूबाबा तर केशरी शिडावर हात ठेवूनच उभा होता. कान्हाचा हात त्याच दिशेने चालला होता. सीताराम आपल्या होडीचं इंजिन पुसत लांबून बघत होता.

आवडाबाई ताट घेऊन आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, ताटात सोनेरी नारळ. तिने तिन्ही शिडांकडे पाहिलं आणि पोराकडे पाहिलं.

"कनच्यानं पोचशील?" तिने विचारलं.

कान्हाने मान खाली घातली. "बारक्यानं, आये."

"मंग त्येच लाव. नारल मधी गेला पायजे."

गुलाबी शीड वर आलं आणि बंदरावर असा हशा पिकला की बॅन्जोवाले थांबले. कान्हाने काठावरच्या लोकांना वाकून नमस्कार केला, तसे हसणारे आणखी हसले, आणि त्याचं त्याला बरं वाटलं. नारळ लाल फडक्यात पाठीला बांधला होता. वारा शिडात भरला, त्याने अंग मागे टाकलं, आणि फळी निघाली. दोनदा ती डगमगली, दोनदा त्याने कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली. मागचा हशा हळूहळू कमी झाला. तो का कमी झाला हे वळून बघायची त्याची छाती नव्हती.

मध्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की नारळ पाठीवर आहे आणि दोन्ही हात शिडाला आहेत. इतक्या दिवसांत हा विचार कुणालाच सुचला नव्हता. एका हाताने शीड पेलवेना. आणि काठावर बाप उभा आहे, बघतोय, हे त्याला पाठीवरच्या नारळासारखं जाणवत होतं.

त्याने शीड सोडलं. बदक पाण्यावर आडवं झालं आणि फळी थांबली. कान्हा गुडघ्यांवर बसला, फडकं सोडलं, नारळ दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला आणि पाण्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. नारळ एकदा खाली गेला, वर आला आणि लाटेबरोबर चालू लागला. कान्हाने हात जोडले तेव्हा त्याला रडू येत होतं, आणि त्याने ते येऊ दिलं. तिथे चेष्टा करायला कुणी नव्हतं, तो स्वतःही नव्हता.

परत फिरणं मात्र जमलं नाही. हातात जोर उरला नव्हता. चार वेळा शीड ओढलं, चार वेळा पडला. शेवटी सीतारामची होडी आली. सीतारामने त्याला दंडाला धरून वर घेतलं, फळी मागे बांधली आणि स्वतःचा कोरडा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. अख्ख्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, की नारळ नीट ठेवलास रे.

बंदरावर पंचांमधल्या म्हाताऱ्याने जाहीर करून टाकलं. शीड घरचं, माणूस घरचा, नारळ मध्यावर. मान नाखव्यांचाच. लोकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या, बॅन्जो पुन्हा सुरू झाला. धाकूबाबाने कान्हाच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. शीड सुटल्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. आता रिकामं ताट घेऊन आवडाबाईने देवळापर्यंत पुढे चालायचं, एवढंच राहिलं होतं. बायका तिच्या मागे रांगेला लागल्या.

आवडाबाई मात्र वळली. रांगेत मागे सीतारामची बायको हौसाबाई उभी होती, तिच्यापर्यंत ती गेली आणि ताट तिच्या हातात दिलं. यापुढं तुमच्या घरनं न्ह्या, म्हणाली. होडी तुमची हाय, पानी तुमी बघता, आमच्याकडं आता कोन जातो पान्यात? हौसाबाई घाबरली आणि मागे सरली. आवडाबाईने ताट सोडलं नाही, तिची बोटं त्याच्यावर नीट मिटवली. सीताराम इंजिन बंद करायचं विसरून बघत राहिला.

कान्हाला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पुढच्या वर्षी फळी नाही, बदक नाही. पण तसं वाटलं नाही. तो आईजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आये, मान द्यायचाच व्हता तर मी यवरं पानी कशाला प्यालो?"

"तू न्हेलास म्हनून मना देता आला," आवडाबाई म्हणाली. "नायतर तिनं घ्येतला असता."

मग तिने हौसाबाईचा पदर खांद्यावर सारखा केला, हळू चाल, मानसं बघतात, असं तिच्या कानात सांगितलं, आणि स्वतः तिच्या मागे चालू लागली.